एकतिसावा चौकोन

१

बाइंडरकाका गुरुवारी सकाळी सापडले. चौथ्या मजल्यावर त्यांच्या दाराशी पेपर टाकायला पेपरवाला वाकला आणि आधीचे चार पेपर तसेच पडलेले पाहून थबकला. त्या मजल्यावरच्या बाकीच्या दोन घरांना वर्षभर कुलूपच होतं. त्याने खाली जाऊन माणसं आणली आणि दार फोडलं. काका न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवे पडले होते.

डॉक्टर मंडळाचेच सभासद. हात धुऊन बाहेर आले ते थेट खुर्चीत बसले.

"शनिवारी संध्याकाळी पडले असणार. शनिवारचा पेपर आत टेबलावर आहे, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. रविवारचा बाहेर. खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही."

"म्हणजे लगेच गेले?" चुकाताईंनी विचारलं.

"नाही हो. तेच तर वाईट आहे. रविवार अख्खा काढलाय त्यांनी त्या फरशीवर. सोमवारी पहाटे कधीतरी गेले. रविवारी संध्याकाळी कुणी दार वाजवलं असतं, तर आज दवाखान्यात माझ्याशी भांडत असते."

चुकाताई मंडळाच्या चिटणीस. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणून हे नाव चिकटलं, आणि त्यांनाही ते आवडत असे. मंडळाचं पत्रक दर महिन्याला त्याच काढत. वाचनालयाच्या बदललेल्या वेळा, चित्रकला स्पर्धेचे निकाल, कुणाला नातू झाला, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं त्यात येई. गावाला त्यात काय वाचण्यासारखं वाटे कोण जाणे, पण स्वतःचं नाव शोधायला का होईना, प्रत्येक जण ते उघडत असे.

या मंडळाची एक रीत होती आणि तिचा सगळ्यांना फार अभिमान. चव्वेचाळीस सभासद दर रविवारी साडेचारला हॉलवर जमत. दाराशी टेबलावर मोठी वही असे. एका रविवारला एक पान, पानावर चव्वेचाळीस नावं छापलेली आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. आलात की सही करायची. ज्याचा चौकोन रिकामा, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी ज्याची पाळी असेल त्याने जायचं, दार वाजवायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा, आणि मग चौकोनात कारण लिहायचं: ताप, पाहुणे, बाहेरगावी. निम्मे सभासद एकएकटे राहणारे. या रीतीमुळे त्यांना निवांत झोप लागे.

शुक्रवारी काकांची लेक परगावाहून आली. सगळं उरकल्यावर ती हॉलवर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा मला फोनवर सांगायचे, इथे कुणी एक रविवार चुकलं तरी माणसं घरी येतात. मग या रविवारी का नाही आलात?"

अध्यक्षांनी उत्तर द्यायच्या ऐवजी वही उघडली आणि तिच्यापुढे सरकवली. एकतिसाव्या नावापुढे काळ्या शाईत, शाईपेनने केलेली स्वच्छ सही होती. ज्या दिवशी काका मोडलेल्या हाडानिशी फरशीवर पडून होते, त्याच दिवशी ते दोन गल्ल्या पलीकडे हॉलवर येऊन सही करून गेले होते.

२

"कुणीतरी त्यांची सही ठोकली," अध्यक्ष म्हणाले. लेक गेल्यावर त्यांचा आवाज चढला होता. "आणि कुणी, ते सांगायला ज्योतिषी नको. वही मावशींच्या ताब्यात असते."

मावशी म्हणजे हॉलची देखभाल करणारी बाई. झाडलोट, चहा, किल्ल्या सगळं तिच्याकडे. हॉलच्या मागच्या खोलीत ती अकरा वर्षं राहत होती आणि तिला दुसरं घर नव्हतं.

"तिनेच त्या मुलीला छातीठोक सांगितलं ना, काका आले होते म्हणून? खोटं बोलली. रविवारी कार्यकारिणी बसेल. पाच वाजता तिने किल्ल्या ठेवायच्या आणि खोली रिकामी करायची. लेकीला आपल्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागेल."

"आणि तिने सही केली नसेल तर?"

"मग तुम्ही सांगा कुणी केली. चुका काढण्यात तुमचा हात कोण धरणार?"

चुकाताईंना राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्या स्वतः दोन खोल्यांत एकट्या राहत. सोमवार ते शनिवार त्यांच्या घरी बोलणारं यंत्र म्हणजे प्रेशर कुकर. त्यांची सगळी भिस्त त्या वहीवर होती. वही खोटं बोलू लागली तर उद्या आपलं दार कोण वाजवणार, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

त्या मागच्या खोलीत गेल्या. मावशीने कपड्यांची पिशवी आधीच भरून ठेवली होती.

"बस इथे. मला नीट सांग. काका रविवारी आले होते?"

"सही होती की ताई."

"सही राहू दे. तू काय करतेस ते सांग."

"शनिवारी संध्याकाळी पट्ट्यातलं एक पान सोडवते, बटण परत लावते. रविवारी चारला वही टेबलावर ठेवते आणि आत चहाला लागते. झालं."

पट्टा काकांनीच शिवलेला होता. वहीही त्यांचीच. दर डिसेंबरात ते घरी बसून पुढच्या वर्षाची वही बांधत, रेघा आखत, नावांचे शिक्के मारत आणि पुढची पानं मळू नयेत म्हणून त्यांना कापडी पट्टा घालून बटण लावत. पट्टा कुणी उगाच उघडायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

"पान सोडवतेस तेव्हा त्यावर काही लिहिलेलं असतं का?"

"मला काय दिसतंय? चष्मा फुटलाय त्याला दोन वर्षं झाली. माझी बोटंच सोडवतात पान."

"मग तू त्या मुलीला कशावरून सांगितलंस, आले होते म्हणून?"

मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "सगळे म्हणतात ना, काका सगळ्यांच्या आधी येतात. पहिली सही त्यांची असते. मी म्हटलं, आले असतील. पण ताई, तुम्ही विचारताय म्हणून सांगते. मला ते दिसले नाहीत."

"या रविवारी?"

"या रविवारी नाही. त्याच्या आधीच्याही नाही." तिने मान वर केली. "कधीपासून नाही, तेच मला आठवेना झालंय."

३

शनिवारी सकाळी चुकाताई औषधाच्या दुकानात गेल्या. गेल्या रविवारी भेटीची पाळी औषधवाल्यांची होती. काकांचा चौकोन रिकामा राहिला असता तर चार मजले त्यांना चढावे लागले असते, आणि ते चढू नयेत असं वाटायला त्या संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती. संशय घ्यायला एवढं पुष्कळ होतं.

"मी?" औषधवाल्यांनी गोळ्यांची पट्टी कापता कापता कात्री खाली ठेवली. "ताई, मी आळशी आहे, मान्य. पण दुसऱ्याची सही? आणि ते होते की. पाहिलंय मी त्यांना."

"कुठे बसले होते?"

"नेहमीच्या जागी. मागची रांग, खिडकीशी. घड्याळाच्या बरोबर खाली. तो चॉकलेटी स्वेटर."

"घड्याळाखाली?"

"हो, मी वेळ बघायला वर बघितलं ना, तेव्हाच दिसले."

"मार्चमध्ये रंग दिला तेव्हा घड्याळ उतरवलं. ते अजून कपाटात पडलंय. आता ऑक्टोबर आहे."

औषधवाले कपाळ खाजवत म्हणाले, "त्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवतो."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. ठेवतो आणि उचलतो. कुणी कधी म्हटलं नाही, की उचला, मला बसायचंय." त्यांचा चेहरा उतरला. "मी शपथेवर सांगितलं असतं हो, की ते होते म्हणून."

तिथून त्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांच्या बैठकीत 'उत्कृष्ट मंडळ' असं कोरलेली ढाल बरोबर डोळ्यांसमोर लावलेली होती. वर्षभर एकही भेट न चुकवल्याबद्दल मिळालेली. रिकामे चौकोन वाढू नयेत असं वाटणारा माणूस शोधायचा तर तो इथेच बसला होता.

"माझ्यावर संशय घेताय?" अध्यक्ष हसले. "घ्या. पण मी त्यांच्याशी बोललोय गेल्या रविवारी. वाचनालयाची सत्तर पुस्तकं त्यांनी फुकट बांधून दिली, त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. ते उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या."

चुकाताईंनी पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला आणि एक अंक त्यांच्यापुढे धरला. आभाराची बातमी फेब्रुवारीच्या अंकात होती.

"गेल्या रविवारी तुम्ही नव्या पंख्यांबद्दल बोललात," त्या म्हणाल्या. "चाळीस मिनिटं."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग मला ते इतके समोर कसे दिसतायत?"

"मलाही दिसतायत," चुकाताई म्हणाल्या, आणि हे खरं होतं. गेल्याच रविवारी त्यांनी रिकामे चौकोन मोजले होते. तीन निघाले. त्यांनी पत्रकासाठी लिहून घेतलं होतं: उपस्थिती एक्केचाळीस. भरलेल्या चौकोनांकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तीस वर्षं चूक तेवढी शोधायची सवय. जे बरोबर दिसतं त्यावरून नजर घसरून पुढे जाते.

म्हणजे रंग लागल्यापासून काकांना कुणी पाहिलेलं नव्हतं. सात महिने. आणि सात महिने चव्वेचाळीस माणसांच्या मंडळात ते दर रविवारी सगळ्यांत आधी हजर होते.

चुकाताई हॉलवर आल्या, वही घेऊन खिडकीशी बसल्या आणि पहिल्या पानापासून एकतिसावा चौकोन पाहू लागल्या. सगळीकडे तीच सही, तीच शाई. दाराच्या टेबलाला दोरीने बांधलेलं पेन निळं होतं, इतर सगळे त्यानेच सही करत. खोटी असेल तर अशी खोटी सही करणारा माणूस कुणीतरी मोठा कारागीर असला पाहिजे.

अकराव्या पानावर त्यांचा हात थांबला. तो रंगकामाचा रविवार. त्या दिवशी हॉलला कुलूप होतं, सभा झालीच नव्हती. मावशी बहिणीकडे गेली होती. हॉल बंद म्हणून त्या पानाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्रेचाळीस चौकोन कोरे होते. एकतिसाव्यात काकांची सही होती.

४

कुलूपबंद हॉलमध्ये शिरून एकच सही ठोकणारा माणूस वेडाच म्हणायला हवा. चुकाताईंनी डोळे मिटले आणि छापखान्यात करायच्या तसं केलं. ओळ समजत नसेल तर ती कुणी जुळवली ते आधी आठवायचं.

ही वही कुणी केली?

त्यांनी पट्ट्याचं बटण उघडलं. काका असते तर ओरडले असते.

उद्याचं पान मावशीने अजून सोडवलं नव्हतं. त्यावर एकतिसाव्या चौकोनात सही होती. त्याच्या पुढच्या रविवारी होती. नोव्हेंबरच्या सगळ्या रविवारी होती. डिसेंबरच्या शेवटच्या पानावर, अजून न उजाडलेल्या दिवशी, बाइंडरकाका वेळेवर हजर होते.

सही कुणी ठोकली नव्हती. ती त्यांचीच होती. गेल्या डिसेंबरात, वही घरी असताना, रेघा वाळल्यावर त्यांनी टेबलाशी बसून वर्षभराच्या सह्या करून टाकल्या होत्या. मावशी निर्दोष होती. औषधवाले निर्दोष होते, अध्यक्षसुद्धा.

पण का?

त्याचंही उत्तर पत्रकांच्या गठ्ठ्यात होतं. गेल्या वर्षीचा नोव्हेंबरचा अंक. काका एका रविवारी तापाने आले नव्हते, म्हणून चौघं जण फळं घेऊन गेले. तिसऱ्या पानावर फोटो होता. काका पलंगावर, फाटक्या बनियनमध्ये, दाढी वाढलेली, हातात जबरदस्तीने दिलेलं सफरचंद, आणि मागे चार हसरे चेहरे. खाली मजकूर: 'आजारी सभासदाची आपुलकीने विचारपूस'. तो अंक गावात घरोघर गेला होता. मजकूर चुकाताईंनीच तपासला होता आणि त्यात एकही चूक नव्हती.

त्यांना आता पहिल्यांदा त्या फोटोतले काकांचे डोळे दिसले. ते कॅमेऱ्याकडे नव्हते, दाराकडे होते. ही माणसं कधी जातात याची वाट पाहणारे. काकांनी भांडण केलं नाही, राजीनामा दिला नाही. गप बसून आपलं दार आतून बंद करून घेतलं, ते असं. चुकाताईंना लाज वाटली, आणि इतकं एकटं वाटलं की त्यांनी हॉलमधला दिवा उगाच लावला.

खात्री म्हणून त्या पुन्हा एकदा सगळी पानं चाळू लागल्या. बावन्न रविवार, बावन्न सह्या असायला हव्या होत्या. मोजल्या तर एक्कावन्न भरल्या.

चोविसाव्या पानावर एकतिसावा चौकोन काकांनी मोकळा सोडला होता. त्यात काळी शाई नव्हती. निळ्या पेनने एकच शब्द लिहिला होता, 'बाहेरगावी'. ते अक्षर कुणाचं, हे ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

५

ते पान फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण काकांची शिलाई अशी होती की एक पान ओढलं की त्याचं जोडीचं पान सुटून येई. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी त्या थांबल्या नाहीत. मावशी मागच्या खोलीत भरलेली पिशवी उशाशी घेऊन बसली होती, आणि काकांची लेक उत्तर मागत होती. अर्धं उत्तर देण्याची चुकाताईंना सवय नव्हती.

रविवारी सभा लवकर आटोपून पाचला कार्यकारिणी बसली. अध्यक्ष, औषधवाले, डॉक्टर, काकांची लेक. दाराशी मावशी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

चुकाताईंनी अकरावं पान दाखवलं. मग पट्टा उघडून पुढची पानं एकेक करून उलटली. डॉक्टरांनी शेवटची सही बराच वेळ बघितली. मग चुकाताईंनी तो जुना फोटो टेबलावर ठेवला, आणि औषधवाल्यांनी मान खाली घातली, कारण चार हसऱ्या चेहऱ्यांत एक त्यांचा होता.

"म्हणजे बाबांनी स्वतःच..." लेक म्हणाली. "फोनवर म्हणाले होते एकदा, मला प्रदर्शनात मांडलं म्हणून. मी हसण्यावारी नेलं."

"मावशी, किल्ल्या राहू द्या तुमच्याकडे," अध्यक्ष म्हणाले, आणि खुर्चीत सैलावले. त्यांच्या आवाजात सुटका होती आणि ती त्यांना लपवता आली नाही. "वाईट झालं. फार वाईट. पण एका अर्थी कुणाचीच चूक नाही. त्यांनीच सगळे रविवार बंद करून टाकले होते, तर आपण तरी काय करणार?"

"सगळे नाही," चुकाताई म्हणाल्या.

"ताई, आता झालं ना उत्तर."

"एक मोकळा सोडला होता." त्यांनी चोविसावं पान उघडलं आणि वही लेकीकडे फिरवली. "जूनचा दुसरा रविवार. या दिवशी कुणीतरी यावं, असं त्यांना डिसेंबरातच वाटलं होतं. का, ते मला नाही कळलं."

लेकीने तारीख वाचली. तिने बोट त्या चौकोनाच्या कडेवरून एकदा फिरवलं.

"आईचा दिवस," ती म्हणाली. "आई गेली ती तारीख. यंदा रविवारी आली होती."



"मी त्या संध्याकाळी फोन केला होता," ती पुढे म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती. "सहाच्या सुमाराला. म्हणाले, लवकर बोल, माझ्याकडे कुणीतरी यायचंय, चहाचं आधण ठेवलंय. मला इतकं बरं वाटलं. मी लगेच ठेवला फोन, त्यांचा खोळंबा नको म्हणून. आठला परत केला तर म्हणाले, अजून यायचेत, येतीलच आता, जिना चढायला वेळ लागतो माणसांना." ती थांबली. "पण इथे तर बाहेरगावी लिहिलंय. ते कुठेही गेले नव्हते. घरीच होते."

"हो," चुकाताई म्हणाल्या.

"मग हे कुणी लिहिलं?"

अध्यक्षांनी वहीवर हात ठेवला, पान मिटवायला. चुकाताईंनी तो हात बाजूला केला. त्यांना तो रविवार आठवत होता: गुडघे दुखत होते, पत्रकाचं शेवटचं मुद्रित छापखान्यात द्यायचं होतं, आणि काकांची लेक परगावी असते, तिकडेच गेले असतील, असं त्यांनी याच टेबलाशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं.

"कोण यायचं होतं त्यांच्याकडे?" लेकीने पुन्हा विचारलं. "तुम्हाला माहितीय का?"

"मी," चुकाताई म्हणाल्या. "त्या रविवारी पाळी माझी होती."